वाचकांचे प्रश्न : घरी शिकणाऱ्या मुलांना मार्क द्यायचे का?

प्रश्न : आमची दोन्ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. मुलगी १० वर्षांची आहे, मुलगा १४ चा. ह्यांचं म्हणणं असं की मार्क दिलेच पाहिजेत, नाहीतर मुलं कुठे आहेत ते कळणार कसं. मी मध्ये काही महिने देऊन बघितले तर मुलगी वहीवरचा आकडा बघते आणि वही मिटते, चूक कुठे झाली ते बघतच नाही. मुलाला पुढे कॉलेजला जायचंय आणि तिथे काहीतरी कागद दाखवावा लागेलच. मी आई असून त्याला मार्क दिले तर ते कोण खरे मानणार? मार्क द्यायचे का, आणि द्यायचे तर कसे?

उत्तर : ताई, आधी सरळच सांगते. मुलीला सध्या मार्क देऊ नका. मुलाला द्या, पण काय बघून देणार ते आधी ठरवून द्या, आणि सगळं स्वतःच्या एकटीच्या अंगावर घेऊ नका.

मार्क कोणासाठी असतात ते बघा ना. जो माणूस मूल शिकत असताना तिथे नव्हता त्याच्यासाठी. वर्गात चाळीस मुलं असतात, आईवडलांना दिवसभरात काय झालं ते माहीत नसतं, पुढच्या वर्षीच्या शिक्षकांना तर मूलच नवीन असतं, म्हणून सगळं एका आकड्यात बसवून पुढे पाठवावं लागतं. तुम्ही तर मुलीच्या शेजारीच बसलेल्या असता! तिला काय येतं, कुठे अडतं हे तुम्हाला त्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असतं.

समजा तिने अपूर्णांकांच्या बेरजेची दहा गणितं केली आणि सात बरोबर आली. ७/१० लिहिलं की तिच्या दृष्टीने विषय संपला. आता त्याऐवजी चुकलेली तीन नीट बघा. १/२ + १/३ चं उत्तर तिने २/५ लिहिलंय, ३/४ + १/२ चं ४/६, आणि बरोबर आलेली सातही गणितं समान छेदाची आहेत. म्हणजे छेद वेगळे दिसले की ती वरचे वर आणि खालचे खाली मिळवून टाकते, बाकी तिचं काहीच चुकत नाहीये. मग तिला एवढंच विचारा, अर्ध्यात अजून काहीतरी मिळवलंस आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, असं होईल का गं? ती थांबेल, २/५ कडे परत बघेल, कागदाची पट्टी दुमडून बघेल. शिकणं होतं ते इथे, आणि नेमकी ही जागा त्या आकड्याने झाकली जाते.

मुलगी आकडा बघून वही मिटते असं तुम्ही लिहिलंय, तसं फक्त तुमच्याच घरी होतं असं नाही. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यात काही मुलांना फक्त मार्क दिले, काहींना फक्त लेखी शेरा, आणि काहींना दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं आणि त्यांचा रसही टिकला. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिसऱ्या गटाचं, शेजारी आकडा आल्याबरोबर शेऱ्याचा फायदा गेलाच. त्यामुळे 'मार्कही देते आणि खाली समजावूनही लिहिते' हा मधला रस्ता बरा वाटला तरी तो निदान या वयात घेऊ नका.

आता तुमच्या ह्यांचा मुद्दा, कळणार कसं. तो अगदी खरा आहे, आणि मार्क नकोत म्हणजे तपासणीच नको असा अर्थ कृपा करून काढू नका. घरी शिकवताना मूल समोर मान डोलावतंय म्हणजे त्याला आलं असं वाटण्याचा धोका खूप असतो, कारण आपण नकळत अर्धं उत्तर पुरवत असतो. छोट्या चाचण्या घ्याच. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो, म्हणजे चाचणी हा स्वतःच अभ्यास आहे. फक्त तिच्यावर आकडा नको. चुकलेलं समजून घ्यायचं, दोन-चार दिवसांनी तसंच वेगळं गणित द्यायचं, आलं की पुढे. बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञांनी १९६८ मध्ये मास्टरी लर्निंग म्हणून हेच मांडलं, की एक भाग पक्का झाल्याशिवाय पुढच्यावर जायचं नाही. मोठ्या वर्गात ते फार अवघड जातं, घरी मात्र सहज जमतं, आणि हा फायदा सोडू नये असं मला मनापासून वाटतं. एका वहीत तारीख घालून 'हे आलं, हे अजून नाही' एवढं लिहीत जा आणि महिन्याने ती वही ह्यांच्यासमोर ठेवा.

मुलाचं वेगळं आहे. त्याचा कागद वाचणारा माणूस त्याला ओळखत नसणार, तेव्हा तिथे आकडा लागेल. आई असून दिलेले मार्क खरे कोण मानणार, ही तुमची शंका रास्त आहे, पण परके शिक्षकसुद्धा एकमताचे नसतात बरं का. स्टार्च आणि इलियट या अमेरिकेतल्या संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीचा एकच पेपर शंभराहून जास्त शिक्षकांकडून तपासून घेतला होता, तर कोणी ६४ दिले, कोणी ९८. त्यामुळे मनाला येईल तसा आकडा कोणाचाच नको. वर्षाच्या सुरुवातीलाच मुलाबरोबर बसून ठरवा की या विषयात चाचण्यांना किती वजन, प्रोजेक्टला किती, लेखी कामाला किती, आणि लिहून ठेवा. गणिताला उत्तरसूची असते, तिथे वाद होत नाही. निबंधासाठी मात्र आधी रुब्रिक करून त्याच्या हातात द्या, म्हणजे मुद्दा स्पष्ट आहे का, पुरावे दिलेत का, मांडणी कशी, भाषा कशी, आणि प्रत्येकात चांगलं कशाला म्हणायचं ते एकेका वाक्यात. आणि एक फार महत्त्वाचं, सकाळी तो उलट बोलला म्हणून संध्याकाळी निबंधाचे दोन मार्क कमी, असं कधीच होऊ देऊ नका. वागणं वेगळं, काम वेगळं.

मास्टरीच्या पद्धतीने शिकलं तर त्याच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विषयवार ग्रेडच्या कागदावर, सगळीकडे 'ए' दिसणार आणि बाहेरच्याला शंका येणार. म्हणून पोर्टफोलिओ ठेवाच, प्रत्येक विषयातलं वर्षाच्या सुरुवातीचं, मधलं आणि शेवटचं काम, कोणती पुस्तकं वापरली, साधारण किती तास दिले. एखाद-दोन विषय बाहेरच्या कोणाकडून तपासून घ्या, आणि एखादी बाहेरची परीक्षा द्या. केंब्रिजच्या आयजीसीएसईला, म्हणजे साधारण दहावीच्या पातळीच्या परीक्षेला, प्रायव्हेट कँडिडेट म्हणून, शाळेत नाव नसतानाही बसता येतं, तशा इतरही परीक्षा आहेत. त्याला ज्या कॉलेजात जायचंय तिथे काय काय मागतात ते मात्र आत्ताच विचारा, ऐनवेळी नको. तुम्ही राहता तिथला नियमही बघून घ्या, कारण तो जागोजागी वेगळा असतो. न्यूयॉर्क राज्यात दर तिमाहीला रिपोर्ट द्यावा लागतो, पण तिथेही प्रत्येक विषयाला ग्रेड किंवा प्रगतीचं लेखी वर्णन, यातलं काहीही चालतं. आकड्याशिवायही काम होतं ते असं.

प्रश्न : माझा ९ वर्षांचा मुलगा घरी शिकतो. शाळेतल्या मित्रांना मार्क मिळतात म्हणून आता तोच मागे लागलाय की मलाही दे. काय करू?

उत्तर : नाही म्हणून त्याला हिरमुसवू नका. त्याला खरं काय हवंय ते आधी बघा. बहुतेक वेळा मित्र विचारतात तेव्हा सांगायला काहीतरी हवं असतं, मग त्याने संपवलेली पुस्तकं, पाठ झालेले पाढे, स्वतः केलेले प्रयोग यांची यादी त्यालाच भिंतीवर लावू दे. आणि खरंच मार्क हवे असतील तर ते त्यालाच द्यायला सांगा. एखादं काम करायच्या आधी त्यानेच लिहायचं की हे चांगलं झालं असं कधी म्हणायचं, आणि झाल्यावर स्वतःच तपासायचं. शुद्धलेखनासारख्या गोष्टीत मुलं हे फार प्रामाणिकपणे करतात. तुम्ही फक्त विचारा, हा एक मार्क का कापलास रे? तो जे सांगेल त्यावरूनच पुढच्या आठवड्यात त्याला काय शिकवायचं ते तुम्हाला कळेल.