मलावीत शिकवायला येताय, तर

सलाम भाऊ,

तुमचं पत्र पोचलं. तुम्ही बी.एस्सी. बी.एड., वहिनी प्राथमिक शिक्षिका, मुलं नऊ आणि चार वर्षांची, आणि मलावीतल्या ब्लँटायर शहराजवळच्या एका मिशन शाळेतून दोघांना बोलावणं आलंय. तुम्ही विचारलंय: दिवस कसा जातो, मुलांच्या शाळेचं काय आणि पगारात भागतं का. आम्ही इथं सहा वर्षं आहोत. मी गणित शिकवते, आमचे हे भौतिक-रसायन. जमेल तसं सांगते.

आधी एक गोष्ट. पत्रात तुम्ही ‘सुवार्ता पोचवायला’ असं लिहिलंय, ते जरा बाजूला ठेवा. 2018 च्या जनगणनेप्रमाणे इथले चारातले तीन लोक ख्रिस्ती आहेत. स्कॉटिश मिशन ब्लँटायरला आलं 1876 मध्ये, म्हणजे इथल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) चार-पाच पिढ्या झाल्या. आमच्या गावातली रविवारची उपासना तीन तास चालते, एकामागून एक चार गायकमंडळं उभी राहतात, आणि अर्पण टाकायला लोक नाचत पुढे जातात. तिकडे आपल्या चर्चमध्ये अर्पणाची पिशवी फिरायला लागली की माणसं सुटे शोधतात. प्रार्थना तेच आपल्याला शिकवतील. त्यांना हवाय तो चौथ्या फॉर्मला, म्हणजे माध्यमिकच्या शेवटच्या वर्गाला, विद्युतधारा नीट शिकवणारा माणूस.

आणि मी शरणपूरची, म्हणून हेही सांगते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) मिशननं नाशिकला आमच्या शरणपुरात वाढवली, शिकवली. त्यातली काही 1866 मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाबरोबर आफ्रिकेत परत आली. पुढे त्याच शाळेचा जेकब वेनराइट लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर 1874 मध्ये लंडनपर्यंत गेला. ते शव आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत जो चुमा होता, तो इथल्याच शिरे डोंगराळ भागात गुलामांच्या टोळीतून सुटलेला याओ जमातीचा मुलगा, आणि काही काळ शिकला मुंबईत, डॉ. विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत. हे वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलानं आधी नाशिकचं स्पेलिंग विचारलं.

आता दिवस. पाचला उठायचं, कारण पाणी आणि वीज सकाळी असली तर असते. वीज बहुतेक सगळी शिरे नदीवरची. 2022 च्या जानेवारीत ॲना वादळानं कापिचिराचं वीजकेंद्र मोडलं तेव्हा आमच्याकडे दिवसदिवस वीज नसायची. म्हणून म्बाउला हवीच, म्हणजे आपली कोळशाची शेगडी. साडेसातला तास सुरू. माझ्या पहिल्या फॉर्मला 74 मुलं आहेत, बाकं चाळीसेक. यांच्या प्रयोगशाळेत अमीटर एकच, तेव्हा सहा-सहा जणांना पुढे बोलावून दाखवावं लागतं, बाकीचे बाकावर चढून बघतात. माध्यम इंग्रजी, पण पोरं गप्प झाली की समजायचं, चिचेवात, म्हणजे इथल्या भाषेत, सांगायला हवं. चिचेवात ‘र’ आणि ‘ल’ एकमेकांची जागा घेतात. पहिल्या वर्षी इंग्रजी उत्तरपत्रिकेत, आपल्या ‘प्रकाशरेषा’चं ‘प्रकाशलेषा’ व्हावं तसले प्रकार बघून मी हसले, नंतर स्वतःचं चिचेवा ऐकून पोरं हसली. हिशोब फिटला.

भाषा शिकाच. आपल्यासारखंच आदरार्थी बहुवचन आहे, त्यामुळे मराठी माणसाला ती लवकर बसते. बाईला ‘मायी’ म्हणतात, ते ऐकून मला पहिल्या दिवशी भरून आलं होतं. भारतीयांना ‘अम्वेन्ये’ म्हणतात, आणि अम्वेन्ये म्हणजे ब्लँटायरला लागून असलेल्या लिंबेतले दुकानदार, असंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. आमचं दुकान कुठंय, असं पहिलं वर्षभर विचारत होते.

एकदा विद्यार्थिनीची आई घरी आली. दारात गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी ताटली पुढे केली. मी उभीच, काय करावं कळेना. ताटलीत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या शेंगा. तोंडात टाकली आणि थांबले: तुरीच्या! इथं तिला नांदोलो म्हणतात, आणि इथली तूर भारतातही जाते. तेव्हापासून कुणी असं बसलं की मीही खाली बसते. वहिनींना एवढं आधीच सांगून ठेवा. बाकी जेवण न्सिमा, म्हणजे पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत भोपळ्याचा पाला किंवा उसिपा. उसिपा म्हणजे तलावातले बारीक सुके मासे. सुकट खाणाऱ्याला अडचण नाही. पीठ-मसाले लिंबेत मिळतात. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र घरचा मका संपलेला आणि नवा शेतात असतो. तेव्हा दुपारच्या तासाला मुलं डुलकी घेत नसतात, भुकेली असतात. हे ओळखायला मला दोन वर्षं लागली.

पैसे. पगार क्वाचात, म्हणजे इथल्या चलनात, मिळणार असेल तर नीट विचार करा. नोव्हेंबर 2023 मध्ये एका रात्रीत क्वाचाचं 44 टक्के अवमूल्यन झालं. पगार तोच, तेलाची बाटली वेगळी. आमचं भागतं ते तिकडच्या आमच्या चर्चच्या मंडळीच्या मदतीवर. तुमची मंडळी ट्रस्टमधून पैसे पाठवणार असेल तर आयकराचा प्रश्न येतो. निघण्यापूर्वी सीएकडे बसा. वहिनींना वेगळं वर्क परमिट लागेल, हे लेखी मागा. मला एका कार्यालयात ‘नवऱ्याचं आहे ना, पुरे’ असं सांगितलं होतं, आणि मग मी चौदा महिने बिनपगारी ‘मदतनीस’ होते.

मलेरिया होतो. आम्हा चौघांना मिळून नऊ वेळा झाला. मच्छरदाणी रोज, आणि ताप आला की त्याच दिवशी तपासणी. उद्या बघू म्हणायचं नाही, विशेषतः धाकट्याच्या बाबतीत.

मुलांची शाळा हा खरा प्रश्न आहे. शहरातल्या आंतरराष्ट्रीय शाळांची फी आमच्या दोघांच्या पगाराच्या वर. आमची दोघं मिशनच्या प्राथमिक शाळेत गेली, संध्याकाळी मी घरी घ्यायची. चार वर्षांच्याला काही अडणार नाही, वर्षभरात तो तुमचा दुभाषा होईल. नऊ वर्षांचीचं आत्ताच ठरवा. आमची थोरली नववीला आजीकडे नाशिकला गेली. इथं आणि तिथं साडेतीन तासांचं अंतर. ती झोपायच्या वेळी आमची चूल पेटत असते, म्हणून फोन शनिवारीच होतो. फोनवर ती आता चिचेवात बोलत नाही.

विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्या, कार्ड पासपोर्टलाच ठेवा. प्लग इथं ब्रिटिश, चौकोनी तीन पिनांचे. कुकरची रबरं चार आणा, दोन आमच्यासाठी. आणि शक्य असेल तर एक अमीटर.