सिलिकॉन मारण्याआधी पाण्याची वाट शोधा

प्रश्न : आमची २००९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. पाऊस झाला की डाव्या सीटपुढचं कार्पेट भिजतं, कुबट वास सुटतो. पुढच्या काचेच्या कडेनं दोनदा सिलिकॉन मारून घेतलं, तरी परवा पुन्हा पाणी आलं. आता काच काढून बसवा म्हणतात. काय करावं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, एवढ्यात काचेला हात लावू देऊ नका. पाणी जिथं दिसतं तिथूनच आत शिरलेलं असतं असं नाही.

कोरड्या दिवशी एसी लावल्यावर तीच जागा ओली होत असेल, तर एसीची पाणी सोडणारी नळी तुंबलीय. पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल, तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आहे. लगेच मेकॅनिक गाठा. पण तुमच्याकडे फक्त पावसातच येतंय, म्हणून आधी बॉनेट उघडा.

वायपरखाली जाळी असते, तिच्याखाली पन्हळ. काचेवरचं पाणी तिथून दोन्ही बाजूंनी खाली जातं. आपल्याकडे गाड्या लिंबाखाली उभ्या असतात. आधी पानगळ, मग उन्हाळ्याची धूळ. पहिल्या मोठ्या पावसात त्याचा चिखल होऊन भोकं बंद. पन्हळ भरली की पाणी ब्लोअरच्या, म्हणजे आत हवा फेकणाऱ्या पंख्याच्या, तोंडातून थेट डाव्या पायापाशी उतरतं. एका गाडीची जाळी काढली तर आत लिंबोळी रुजून दोन पानं फुटलेली होती! कचरा हातानं काढा, खाली ढकलू नका. मग मगभर पाणी ओता. ते चाकाजवळ जमिनीवर लगेच पडलं पाहिजे.

तरीही ओल राहिली तर दार बघा. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच, ते खालच्या भोकांतून बाहेर पडतं. दाराच्या पॅडमागं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाडतात आणि पुन्हा चिकटवत नाहीत. असं काम पाहिलं की मला फार वाईट वाटतं. पाच मिनिटांच्या आळसापायी गिऱ्हाईकाचा पत्रा सडतो. कागद ब्युटिल टेपनं (चिकट रबरी पट्टीनं) चिकटवून घ्या. दारात दहाची नोट धरून दार लावा. ती अलगद निघाली तर तिथलं बीडिंग, म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी, दबलंय. आपल्या उन्हानं रबर कडक होतं, ते बदलायलाच हवं.

नेमकी जागा सापडेना तर एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं बाहेरून सावकाश पाणी ओतायचं. खालून सुरुवात करून वर जा. नळाला रोज पाणी नसतं, तेव्हा एक बादली नि एक मग एवढं पुरे.

वासाचं मूळ मात्र कार्पेटखालच्या नमद्यात, म्हणजे जाड मऊ थरात, आहे. वरून हात लावला तर कोरडं वाटतं, दाबलं की पाणी सुटतं. सीट काढून तो उचला. सीटखाली वायरिंग असतं, म्हणून आधी बॅटरी सोडवा. जाड सोलापुरी टॉवेलनं पाणी टिपा, नमदा उन्हात खडखडीत वाळवा. पत्र्यावर गंज असेल तर घासून, प्राइमर मारूनच कार्पेट अंथरा.