झाकू नकोस

अगं पोरी,

काल कर्वे रोडच्या अमृततुल्यात चहावर साय धरली तरी तुझा प्रश्न तोच: भाऊ शेंडेफळ, लाडावलेला, म्हणून प्यायला लागला का? आणि थोरली म्हणून मी कुठे कमी पडले?

स्वीडनमधल्या नोंदींत दारूपायी रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण थोरल्यांपेक्षा धाकट्यांत जास्त दिसलं, खरंय. पण २०१५ साली तीन देशांतल्या २०,०००हून जास्त माणसांचा अभ्यास झाला, त्यात जन्मक्रमाचा स्वभावावर जवळजवळ काहीच ठसा सापडला नाही. मग या आकड्यांचं करायचं काय? शेंडेफळ म्हटलं की त्याला सबब मिळते आणि तुला अपराध. तुझ्या काकांचं व्यसन आठव. रक्तातून येणारी जोखीम थोरली-धाकटी बघत नाही.

थोरलेपण नडतं ते वेगळ्याच जागी. त्याच्या ऑफिसात 'ताप आहे' म्हणून फोन कोण करतं? स्कूटरच्या डिकीतली क्वार्टर गुपचूप कोण ओतून देतं? उधारी जीपेवरून कोण भागवतं? झाकू नकोस. तू झाकतेस तोवर त्याला दारू स्वस्तच पडणार.

माझ्या धाकट्या भावाचं कर्ज मी फेडलं नाही. नातेवाइकांत अजून मी दगडाच्या काळजाची. असू दे! फेडलं असतं तर पुढचंही माझ्याच नावावर आलं असतं, हे कोणी बोलत नाही. तो आज कुठे आहे ते विचारू नकोस. मी तेव्हा बरोबर होते.

झाकू नकोस म्हणजे घराबाहेर काढ असं नाही, हे तुला सांगावं लागू नये. जेवायला वाढ, शेजारी बस. फक्त खोटं बोलू नकोस. आणि रोज पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडायला जाऊ नकोस, फिट येऊ शकते; डॉक्टर हवेतच. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र येरवड्यात आहे. तिथे घरच्यांशीही बोलतात. तो येत नसेल तर तू एकटी जा.

सोमवारी साहेबांचा फोन आला की तो त्याच्याच हातात दे. आईला आधी सांगून ठेव, नाहीतर ती उचलेल.

तुझी,
मावशी