हेल्मेटला काच आहे, मग गॉगल काहून?

प्रश्न: ताई, माझा लहान भाऊ बुटीबोरीकडच्या एका कारखान्यात फायर टीममधे आहे. कॉलवरून आला की डोळे लालभडक, नुसता चोळत बसते. परवा तर डोळ्यात कण रुतला, डॉक्टरकडून काढून घ्यावा लागला. म्हटलं गॉगल घालत जा नं, तर म्हणते हेल्मेटला काच आहे, पुन्हा गॉगल काहून? त्याला नंबरचा चष्मा पण आहे. काय करावं?
– एक बहीण, नागपूर

उत्तर: ताई, ती काच म्हणजे व्हायझर चेहऱ्यासाठी असतो, डोळ्यांना तो एकटा पुरत नाही. खालून नि बाजूने उघडाच असतो नं, वारा फिरला की राख, ठिणगी, जळकं कुसळ सरळ आत. अमेरिकेच्या डोळे-चेहरा संरक्षणाच्या झेड ८७.१ या मानकातही हेच आहे, फेसशिल्ड लावली तरी आत सेफ्टी चष्मा किंवा गॉगल पाहिजेच.

आता मला खरी काळजी वाटते ती आग विझत आल्यावरची. जोरात आग असते तेव्हा बीए सेटचा, म्हणजे पाठीवरच्या सिलेंडरमधून श्वासाला हवा देणाऱ्या सेटचा, पूर्ण मास्क तोंडावर असतो, डोळे झाकलेले असतात. मग ज्वाळा बसल्या, मास्क उतरला, नि तिथून पुढे ढिगारा उपस, छत उकर, पत्रा काप, आपल्याकडे जिनिंगच्या आगीत तर कापसाच्या गाठी आतून धुमसत राहतात, त्या फोडून फोडून पाणी मारावं लागते, आणि हे सगळं उघड्या डोळ्यांनी! मे महिन्यातल्या गवताच्या आगीला तर बीए सेट कोणी घालतच नाही.

गॉगल डोळ्याभोवती चपखल बसणारा, पॉलीकार्बोनेटचा, आडून हवा जाणाऱ्या व्हेंटचा, रुंद पट्ट्याचा घ्यायचा, आयएस ५९८३ (डोळ्यांच्या संरक्षणाचं भारतीय मानक) मार्क बघून. रस्त्यावरचा काळा गॉगल अजिबात नको, धुरात नि रात्री दिसणारच नाही. अँटीफॉग, म्हणजे वाफ न धरणारी, लेन्स कोरड्या फडक्याने पुसू नये, साध्या साबणाच्या पाण्याने धुवावी. मात्र गॉगल धुरातला गॅस थांबवत नाही हो, धूर असला की बीए सेटच.

चष्म्याचं पण महत्त्वाचं आहे. साध्या चष्म्याच्या दांड्या मास्कच्या कडेखाली आल्या की सील बसत नाही, धूर आत येतो. मास्कच्या आत बसणारी चष्म्याची फ्रेम मिळते, ती आणि गॉगल दोन्ही कंपनीने द्यायला पाहिजे, त्याने हक्काने मागावं, पदरचे पैसे टाकू नये.

काही गेलंच डोळ्यात तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं, हळू धारेने, होजच्या प्रेशरने कधीच नाही. केमिकल असेल तर निदान १५-२० मिनिटं सलग, मगच दवाखाना. चुना, कॉस्टिक सोडा यांना ॲसिडपेक्षा जास्त घाबरा, ते डोळ्यात खोल खोल जात राहते. रुतलेलं असेल तर ओढू नका, वरून कागदी कप धरा आणि तसंच न्या. धूसर दिसत असेल किंवा उजेड सहन होत नसेल तर त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे, सकाळची वाट बघू नका.

आणि परवाच्या कणाची नोंद कंपनीच्या अपघात रजिस्टरमधे झाली का ते विचारा. नसेल तर डॉक्टरची चिठ्ठी जोडून याच आठवड्यात करून घ्यायला लावा.