उजव्या हाताला आधी तीनच सूर दे

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पियानोचं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. बोटं मोकळी चालतात, स्केल पक्के आहेत, कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, चुकत नाहीत. तरी तू लिहितेस, ‘मनातलं वाजवायला बसले की सगळं रियाजासारखंच वाजतं.’ खरं आहे. कारण मला लगेच ऐकू आलं. तू कुठेच थांबत नाहीस. एक ओळ पुरती संपत नाही तोच दुसरी सुरू होते, मग आपण आत्ता काय वाजवलं हे तुला ऐकू येणार कधी?

ग्रेडच्या परीक्षा देत आलीस, मनातलं वाजवायला कुणी शिकवलं नाही, आता उशीर झाला का, असंही विचारलं आहेस. मुळीच नाही. ज्या चेर्नीच्या एट्यूड, म्हणजे सरावाच्या रचना, घोटून तुझा हात तयार झाला, त्याच चेर्नीने १८२९ मध्ये पियानोवर उत्स्फूर्त वादन कसं करावं यावर अख्खा ग्रंथ लिहिला. तो बेथोव्हनचा शिष्य आणि पियानोवादक फ्रान्झ लिस्टचा गुरू. ही विद्या शिकवता येते, असं मानूनच त्याने तो लिहिला.

आता काम सांगतो. जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सचं ‘पीस पीस’ ऐक. डिसेंबर १९५८ मधलं रेकॉर्डिंग आहे. डाव्या हातात दोनच कॉर्ड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच. उजवा हात मात्र अगदी साध्या सुरांनी निघतो आणि हळूहळू इतक्या दूर जातो की मधे काही सूर खालच्या कॉर्डशी उघड भांडतात. डावा हात हललेला नसतो म्हणून ते भांडण कानाला सोसतं. ख्यालातली एकेका सुराची बढत तू लहानपणापासून ऐकली आहेस, त्यामुळे हे तुला परकं वाटणार नाही.

तुझ्यासाठी त्याचं सोपं रूप असं. डाव्या हाताने खालचा सी, मग वर ई-जी-बी एकत्र. त्यानंतर खालचा जी, मग वर एफ-ए-सी. पेडल दर बदलाला उचलायचं आणि पुन्हा दाबायचं. हे झोपेतही चालेल इतकं सावकाश आणि सारखं वाजव. उजव्या हाताला ई, जी आणि ए हे तीनच सूर. आठवडाभर चौथा नाही. कंटाळा येईल, येऊ दे. तीनच सूर हातात असले की लांबी, जोर आणि थांबणं याखेरीज बदलायला काही उरत नाही, आणि भाव तिथेच असतो.

मग एफ घे. तो जीच्या कॉर्डमध्ये घरचाच आहे, पण सीच्या कॉर्डवर वाजवलास तर टोचतो, खाली ईकडे ओढ घेतो. तो टोचलेला धरून ठेव. ईवर लगेच उतरू नकोस. कधी उतरायचं, हे ठरवण्यात तू दिसायला लागशील.

पियानोची एक अडचण मात्र समजून घे, कारण गाण्याची नक्कल करताना तू तिथेच अडखळतेस. इथे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं, नाही. हातोडी तारेवर आदळते आणि सुटते. त्या क्षणापासून सूर विरत जातो, मागाहून पट्टी कितीही दाबली तरी वाढत नाही. म्हणून लांब सुरानंतरचा सूर नेहमीच्या जोरात आला की तो ओळीतून तुटून पडल्यासारखा वाटतो. आधीचा सूर विरून जेवढा उरला असेल, साधारण तेवढ्याच वजनाने पुढचा वाजव. मग ओळ सलग ऐकू येते. तुझ्या वादनात मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. एकेका ओळीवर यासाठी हवा तेवढा वेळ घालव.

आणि गा. आवाज कसाही असो, उजव्या हाताची ओळ वाजवता वाजवता गुणगुणत राहा. जॅझ पियानोवादक किथ जॅरेटच्या रेकॉर्डिंगमध्ये पियानोबरोबर त्याचा आवाज सरळ ऐकू येतो. गाताना श्वास घ्यावाच लागतो, त्यामुळे जे थांबे मी हजार वेळा सांगूनही येणार नाहीत ते आपोआप येतात. जी ओळ गाता येत नाही ती बहुतेक वेळा बोटांच्या सवयीतून आलेली असते. ती खुशाल सोडून दे.

बारा स्केल, जॅझचे अवघड कॉर्ड, मोठमोठ्या वादकांचे सोलो कागदावर उतरवणं, हे सगळं पुढे करूच. तू विचारलेली पुस्तकंही तेव्हा बघू.

पुढचं रेकॉर्डिंग तीन सुरांचंच पाठव, मोबाइलवर केलेलं चालेल. मधे चुकलीस तर पुसून पुन्हा करू नकोस. चुकीच्या सुरानंतर तू काय केलंस, तेच मला आधी ऐकायचं आहे.

तुझा,
सर