ग्राहकांचे प्रश्न : तीनदा गॅस भरूनही न चालणारा फ्रिज

प्रश्न : आम्ही गावातल्याच दुकानातून फ्रिज घेतला. वर्षभराच्या वॉरंटीत तो तीनदा बंद पडला. दर वेळी कंपनीचा माणूस गॅस भरून गेला आणि महिन्या-दोन महिन्यांत दूध पुन्हा नासू लागले. आता वॉरंटी संपली म्हणून कंपनी दुरुस्तीचे पैसे मागते आणि दुकानदार ‘कंपनीशी बोला’ म्हणतो. बिलावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापले आहे. आम्हाला दाद मागता येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मागता येईल, आणि ती कंपनीबरोबरच दुकानदाराकडेही मागता येईल. वॉरंटी कार्ड हे कंपनीने दिलेले जादा आश्वासन आहे. तुमचा मूळ हक्क त्यावर अवलंबून नाही. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 16 नुसार, त्या प्रकारच्या मालाचा व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्याने दिलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट कोठेही लिहिलेली नसली तरी व्यवहारात गृहीत धरलेली असते. माल पाहून घेतला असेल तर पाहताक्षणी दिसण्यासारख्या दोषांना हे संरक्षण मिळत नाही, पण फ्रिजच्या बंद नळ्यांतली गळती दुकानात उभे राहून कोणाला दिसणार?

तुमच्या तक्रारीचा कणा याच गळतीत आहे. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नसतो. तो कमी झाला म्हणजे कोठेतरी गळती आहे. ती न शोधता तीनदा गॅस भरणे ही दुरुस्ती नव्हे, म्हणून त्या तिन्ही भेटींच्या जॉब शीट जपून ठेवा. दोष वॉरंटीतच उघड झाला होता आणि तो कधीच दूर झाला नाही, हे त्यांच्या तारखांवरून दाखवता येईल.

बिलावरच्या त्या ओळीने दबून जाऊ नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तुमचे 30 दिवस उलटले असले तरी सदोष मालाबद्दल तक्रार करण्याचा हक्क त्याने संपत नाही.

आधी दुकानदार आणि कंपनी या दोघांना स्पीड पोस्टाने लेखी नोटीस पाठवा. दाद न मिळाल्यास तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोघांनाही विरुद्ध पक्ष करून तक्रार नोंदवा. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. गरज वाटल्यास आयोग फ्रिजची प्रयोगशाळेत तपासणी करवून घेतो, मात्र तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागू शकतो. दोष दूर करून देणे, फ्रिज बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई असे आदेश आयोग देऊ शकतो. वर्षभराच्या वापरानंतर पूर्ण किंमत मिळेलच, असे मात्र धरून चालू नका. तक्रारीचे कारण घडल्यापासून 2 वर्षांची मुदत असते आणि कंपनीच्या फोनवरच्या आश्वासनांनी ती थांबत नाही.