रेड (Red) या प्रोग्रामिंग भाषेत ब्लॉकच्या (चौकटी कंसातल्या किंमतींच्या यादीच्या) आतल्या स्ट्रिंगवर (मजकुरावर) पार्सचा (नमुना जुळवून बघणाऱ्या फंक्शनचा) नियम कसा लावायचा? टू "-" ("-" येईपर्यंत पुढे जा) आणि अंकांचा कॅरसेट (अक्षरांचा संच) वापरून पाहिले, पण चालले नाहीत.

ब्लॉक पार्स करताना एक घटक म्हणजे एक अख्खी किंमत. त्यामुळे नियमात "सातारा" लिहिलं तर पूर्ण स्ट्रिंग तशीच असेल तरच जुळते. "सातारा-415001" मधला तुकडा सापडत नाही. तुमचा टू "-" आणि अंकांचा कॅरसेट तिथे चालत नाहीत ते याचमुळे. आत शिरायला इंटू लागतो (इथे सगळं देवनागरीत लिहितोय, कीवर्ड प्रत्यक्षात रोमन लिपीत टाका):

पार्स [गाव "सातारा-415001"] ['गाव अहेड स्ट्रिंग! इंटू [टू "-" स्किप 6 अंक]]

अंक म्हणजे आधी बनवलेला 0 ते 9 चा कॅरसेट, आणि स्किप म्हणजे एक घटक (इथे "-") ओलांडणं. अहेड स्ट्रिंग! (पुढची किंमत स्ट्रिंगच आहे ना, हे पुढे न सरकता बघणारा भाग) टाळू नका. इंटू कुठल्याही सिरीजमध्ये (स्ट्रिंग, ब्लॉक वगैरे) घुसतो, म्हणजे तिथे ब्लॉक आला तरी तो आत जाणारच.

बहुतेक जण अडकतात ते पुढे. आतला नियम स्ट्रिंगच्या टोकापर्यंत पोचला नाही तर इंटू अपयशी ठरतो. पिनकोडनंतर एखादी मोकळी जागा उरली तरी संपलं! उरलेल्या मजकुराशी देणंघेणं नसेल तर शेवटी टू एंड (टोकापर्यंत जा) जोडा.

ब्लॉकमध्ये ब्लॉक किती खोलवर आहेत ते माहीत नसेल तर नियम स्वतःलाच बोलावू द्या (मजकूर म्हणजे स्ट्रिंगसाठीचा तुमचा नियम, एनी म्हणजे शून्य किंवा जास्त वेळा):

शोध: [एनी [अहेड स्ट्रिंग! इंटू मजकूर | अहेड ब्लॉक! इंटू शोध | स्किप]]

रेबॉल 2 (रेड जिच्यावरून आली ती जुनी भाषा) वर असाल तर हे विसरा, तिथला इंटू स्ट्रिंग घेत नाही. सेटने (जुळलेली किंमत साठवणाऱ्या कीवर्डने) स्ट्रिंग पकडून कंसात वेगळा पार्स चालवावा लागतो, आणि तो फसला की [एंड स्किप] हा कधीच न जुळणारा नियम पुढे ठेवायचा. कुरूप आहे, पण चालतं.